एकही रस्ता न ओलांडता

नेव्हिल हेपवर्थ बावीस वर्षं लोकांची पत्रं वाटत होता, पण स्वतःच्या नावाने सरकारी पाकीट आलं की तो ते न उघडताच बायकोपुढे सरकवायचा. घरातलं कागदांचं सगळं ती, मॅक्सीन, बघायची. विजेचं बिल, दातांच्या डॉक्टरची वेळ, पोरीच्या सहलीची परवानगी, सगळं. ती बोट ठेवील तिथे नेव्हिलने सही करायची. गावभर कागद वाटून येतो, घरात तरी सुटका असू दे, असं तो म्हणायचा आणि मॅक्सीन त्याला ओल्या फडक्याने मारायची. ती सप्टेंबरच्या अठरा तारखेला गेली. कर्स्टीच्या पुढच्या शाळेचा फॉर्म ऑक्टोबरच्या अखेरीला द्यायचा होता.

फॉर्मवर तीन रकाने होते. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती. नेव्हिलने चहाचे दोन मग थंड केले आणि तिन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलं. क्रॉफ्टहिल, क्रॉफ्टहिल, क्रॉफ्टहिल. हा सल्ला त्याला टपाल कचेरीतल्या सोबत्यांनी दिला होता. "दुसरं नाव लिहिलंस की मेलास, नेव्ह. त्यांना वाटतं याला काहीही चालतं. एकच लिही, म्हणजे द्यावीच लागते." आमच्या गावात दरवर्षी दहा-बारा शहाणे हेच करतात आणि दर मार्चला तोंड पाडून बसतात. तरी पुढच्या वर्षी सल्ला द्यायला तेच पुढे. मॅक्सीन असती तर तिने फॉर्मसोबतची पुस्तिका वाचली असती. ती पुस्तिका नेव्हिलने ब्रेडच्या डब्याखाली ठेवली होती आणि ती तिथेच राहिली.

मार्चच्या पहिल्या तारखेला पत्र आलं. क्रॉफ्टहिल भरली होती. क्रॉफ्टहिलमध्ये शेवटची जागा ज्या मुलाला मिळाली, त्याचं घर हेपवर्थांच्या घरापेक्षा एकशेचाळीस मीटर जवळ होतं. कर्स्टीला रॅव्हन्सवुड दिली होती. रॅव्हन्सवुड म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला, रिंगरोडच्या पलीकडे. दोन बस, आणि मधे पायी ओलांडायचा चार पदरी रस्ता.

आता हा रस्ता एवढा का नडत होता, ते गावात दोघांनाच ठाऊक होतं. एक नेव्हिल आणि दुसरी कर्स्टी.

मॅक्सीन चर्च रोडवरची लॉलीपॉपवाली होती, म्हणजे गाड्या थांबवून शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडून देणारी. चौदा वर्षं ती पिवळा कोट घालून, ती लांब दांड्याची गोल पाटी घेऊन प्राथमिक शाळेच्या कोपऱ्यावर उभी राहिली. सकाळी पाऊण तास, दुपारी पाऊण तास. आधी रस्त्याच्या मध्यावर जायचं, पाटी खाली टेकवायची, डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ करायचा, तळवा उघडा. दोन्ही बाजूंच्या गाड्या पूर्ण थांबेपर्यंत ती पोरांकडे बघायचीसुद्धा नाही. मग मान वळवून म्हणायची, "चला, माझी बदकं!" गावातली निम्मी तरुण पोरं त्या हाकेवर रस्ता ओलांडायला शिकली आहेत. एकदा तिने खुद्द महापौरांची गाडी थांबवून एका पोराच्या बुटाची नाडी बांधली होती, आणि महापौरांनी हॉर्न वाजवला तेव्हा दुसऱ्याही बुटाची बांधली.

ती गेल्यावर पालिकेने कोट आणि पाटी परत मागवली. नेव्हिल ती स्वतः नेऊन देऊन आला. पालिकेने त्या जागी दुसरं माणूस नेमलंच नाही.

त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी कर्स्टी चर्च रोडच्या कडेला येऊन थांबली. रस्ता मोकळा होता. एकही गाडी नव्हती. ती उभीच राहिली. नेव्हिलने आधी मजेत म्हटलं, "काय मॅडम, मुहूर्त बघताय?" मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "डॅड, माझा पाय उचलत नाहीये," ती म्हणाली. "खरंच नाही उचलत." मॅक्सीन रस्त्यावर गेली नव्हती, कुठल्या गाडीखाली आली नव्हती. ती आजाराने गेली, पलंगावर, हळूहळू. पण अकरा वर्षांच्या पोरीला रस्त्याच्या मध्यातून कुणीतरी हाक मारल्याशिवाय खाली उतरता येईना, त्याला कोण काय करणार?

नेव्हिलने तिचा हात धरला आणि तिला पलीकडे नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग त्याने आपल्या वाटपाचा क्रमच फिरवून घेतला, म्हणजे आठ-चाळीसला तो चर्च रोडजवळ असे. टपालाची ढकलगाडी एका भिंतीशी लावायची, पोरीला हात धरून पलीकडे पोचवायचं, परत यायचं. मैत्रिणी हसतील म्हणून कर्स्टीने आपली एक गोष्ट रचली होती. "डॅडला एकटं वाटतं ना हल्ली," ती त्यांना सांगायची, "म्हणून मी त्याचा हात धरते." मैत्रिणींना ते खरं वाटलं. खरं तर ते तितकंसं खोटंही नव्हतं.

पण मोठ्या शाळेत बापाचा हात धरून जाणारी पोरगी पहिल्याच दिवशी संपली असती. म्हणून क्रॉफ्टहिल. टपालवाल्याला गावातले बोळ पाठ असतात. आपल्याच घरामागून निघायचं, जुन्या गिरणीच्या भिंतीच्या कडेने, लोकांच्या भाजीच्या वाफ्यांमधून, मग रूळ उखडलेल्या रेल्वेच्या वाटेवर, मोठ्या रस्त्याच्या पुलाखालून, आणि वर चढलं की क्रॉफ्टहिलचं मागचं फाटक. एकोणीस मिनिटं. रविवारी दोघं तिथून चालून आली होती. फाटकाला हात लावून कर्स्टी म्हणाली होती, "एकही नाही, डॅड! एकही रस्ता नाही." आई गेल्यापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा पळाली. नेव्हिलला ते दृश्य डोळ्यांसमोरून हलवता येत नव्हतं.

"अपील कर," मॉरीन म्हणाली. मॉरीन म्हणजे मॅक्सीनची थोरली बहीण, केस कापायचं दुकान चालवायची आणि गावातल्या बातम्याही तिथूनच चालायच्या. "मी येते सोबत. नेव्ह, तुला एकट्याला पाठवलं तर तू त्यांना सॉरी म्हणून परत येशील."

"येईन की नीट बोलून."

"तू? तुला न्हाव्याला सांगता येत नाही केस किती कापायचे ते! आणि ऐक, रडायचं. तिकडे बायकोचं नाव काढून सरळ रडायचं."

कर्स्टी जिन्यावर बसून हे ऐकत होती. मॉरीन गेल्यावर ती खाली आली.

"डॅड, तू त्यांना माझं ते सांगणार नाहीस ना? पायाचं?"

"बघू."

"बघू नाही. शपथ घे. मावशीला कळलं की दुकानात कळेल, दुकानात कळलं की सगळ्यांना. मग मला त्या बाहुल्यावाल्या बाईकडे पाठवतील, जी मनातलं बोलायला लावते. मी काय वेडी आहे?"

"नाहीस गं पोरी."

"मग घे."

नेव्हिलने शपथ घेतली. डॉक्टरकडेही तो याच कारणाने गेला नव्हता. तिला नको होतं, आणि एवढ्या काळात तिने मागितलेली ती एकच गोष्ट होती. अपिलाच्या कागदावर त्याने लिहिलं, 'वाट सोयीची आहे'. इतक्या महिन्यांच्या दुःखातून एवढेच तीन शब्द निघाले.

सुनावणी मेच्या अखेरीस वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. टेबलाच्या पलीकडे समितीची तीन माणसं, मध्ये अध्यक्षबाई, शेजारी टिपणं घेणारा चिटणीस. एका बाजूला पालिकेचा माणूस, आपल्या कागदांची चळत घेऊन. नेव्हिलने अंत्यविधीचाच सूट घातला होता, दुसरा नव्हता. मॉरीनने त्याच्या खिशात आठ-दहा कागदी रुमाल कोंबले होते.

पालिकेचा माणूस सभ्य होता, हेच वाईट. चिडावं असं त्यात काही नव्हतं. क्रॉफ्टहिलमध्ये एकशेऐंशी जागा, एकशेऐंशी मुलं. प्रयोगशाळेत तीस स्टुलं, एकतिसाव्या मुलाने उभं राहायचं का? नेव्हिलने बोळाचा नकाशा पुढे केला. त्याने तो स्वतः काढला होता, भाजीचे वाफेसुद्धा. मागच्या फाटकापर्यंत अंतर कमी भरतं, त्याने सांगितलं, एकशेचाळीसहून कितीतरी कमी.

"वाट मी नाकारत नाही," पालिकेचा माणूस म्हणाला. "पण सगळ्यांचं अंतर मोठ्या फाटकापर्यंत मोजतो. एकालाच वेगळं माप कसं लावू?"

अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत होत्या. आवाजावरून त्या निवृत्त शिक्षिका वाटत होत्या. "मिस्टर हेपवर्थ, एक विचारते. तिन्ही रकान्यांत तुम्ही हीच शाळा का लिहिलीत?"

"म्हणजे… मला तीच हवी होती, हे कळावं म्हणून."

"लोमिल शाळा का नाही लिहिलीत? तीही तुमच्यापासून लांब नाही."

नेव्हिलने आपल्या नकाशाकडे पाहिलं. लोमिल! कालव्याच्या काठाकाठाने, दोन पुलांखालून, लोमिलच्या आवारात निघतं. तिथेही एकही रस्ता लागत नाही. ती वाट तर तो रोज अर्धी चालत होता. ते नाव फॉर्मवर लिहायचं त्याच्या मनातही आलं होतं, पण लिहिलं तर क्रॉफ्टहिलवरचा जोर जाईल म्हणून त्याने पेन मागे घेतलं होतं.

पालिकेच्या माणसाने कागद उलटला. "मार्चमध्ये लोमिलला अकरा जागा शिल्लक होत्या," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्या रकान्यात नाव असतं तर तुमच्या मुलीला तिथे जागा मिळाली असती. आता त्या भरल्या. यादीत बरीच मुलं थांबली आहेत."

मॉरीनने हातातली पर्स मांडीवरून खाली ठेवली. नेव्हिलने नकाशाची घडी घातली. म्हणजे शाळा पोरीच्या हातात होती, आणि ती त्याने आपल्या हाताने पुसली होती. तीनदा.

"रॅव्हन्सवुडला जायची पहिली बस तुमच्या दारावरूनच जाते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तिथे पाठवायला नेमकी अडचण काय? तुमच्या कागदावर फक्त 'वाट सोयीची' असं आहे. आणखी काही सांगायचंय का? हीच वेळ आहे, मिस्टर हेपवर्थ."

खोलीत कुणी घाई केली नाही. चिटणीसानेही पेन थांबवलं. नेव्हिलने शपथ आठवली, जिन्याची शेवटची पायरी आठवली, आणि मग मागच्या फाटकापर्यंत पळत गेलेली पोर आठवली. आणि तो बोलला. सगळं बोलला. पांढरं पडलेलं तोंड, न उचलणारा पाय, भिंतीशी लावलेली ढकलगाडी, 'डॅडला एकटं वाटतं'. मॅक्सीनचा हात कसा सरळ असायचा तेही सांगितलं. रुमाल खिशात तसेच राहिले. रडली ती मॉरीन, आणि तीही आवाज न करता, जे तिच्याबाबतीत कधी कुणी पाहिलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मी त्यांना ओळखत होते," असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "याबद्दल डॉक्टरांचं पत्र आहे? किंवा शाळेचं?"

"नाही. कुणाला माहीतच नाही. तिने सांगू नको म्हटलं होतं."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि तो 'बरं' ऐकूनच नेव्हिलला काय ते कळलं.

बाहेर जिन्यात मॉरीनने त्याची बाही पकडली. तो वाट बघत होता की आता ही फैलावर घेणार. "मी कुणाला बोलणार नाही," ती म्हणाली. "माझ्या आईची शपथ, नेव्ह. दुकानात तर नाहीच." आणि ती खरंच बोलली नाही. ती माझ्यासमोर कित्येकदा कात्री घेऊन उभी राहिली असेल, पण यातलं अक्षर तिच्या तोंडून मी ऐकलं नाही.

निकालाचं पत्र शनिवारी आलं. आलं म्हणजे, पहाटे कचेरीत आपल्या वाटपाची पत्रं खान्यांत लावताना एक्केचाळीस नंबरच्या, म्हणजे स्वतःच्याच घराच्या, खान्यात टाकायचं ते त्याच्याच हातात पडलं. पालिकेचा शिक्का. पाकीट जाड होतं. हो म्हणायला एवढे कागद लागत नाहीत, हे बावीस वर्षांत त्याला कळून चुकलं होतं.

वाटपाच्या वेळी पत्र उघडायचं नाही, हा त्याचा नेम होता. मॅक्सीनचे इस्पितळाचे निकालसुद्धा त्याने असेच गल्लीभर वागवले होते आणि आपल्याच दारात टाकले होते. या वेळीही त्याने तेच केलं. एकपासून एकोणचाळीसपर्यंत घरं केली, एक्केचाळीसच्या फटीतून पाकीट आत सारलं, त्रेचाळीसकडे वळला. आत टीव्ही चालू होता. चार घरं पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आज शनिवार. पोरगी घरात आहे. मार्चपासून ती पालिकेच्या शिक्क्याची वाट बघतेय. आणि त्या चिटणीसाने शेवटी काय सांगितलं होतं? 'निर्णयाची सगळी कारणं सविस्तर लिहून येतील.' नेव्हिलने ढकलगाडी रस्त्यातच सोडली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तो वाटप टाकून पळाला.

कर्स्टी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. कागद मांडीवर होते.

"तू सांगितलंस," ती म्हणाली.

"हो."

"मावशीसमोर?"

"हो, कर्स्टी."

तिने वाचून दाखवलं. शाळेत वाचतात तसं, एका सुरात. "'मुलगी एकटीने रस्ता ओलांडू शकत नाही, असे पालकांनी सांगितले. समितीला कुटुंबाबद्दल मनापासून सहानुभूती आहे. परंतु यास कोणताही लेखी आधार सादर झालेला नाही.' म्हणजे नाहीच म्हणाले ना?"

"नाही म्हणाले."

"म्हणजे तू फुकट सांगितलंस."

नेव्हिल दारातच उभा होता, टोपी डोक्यावर. कर्स्टीने दुसरं पान वर केलं.

"आणि हे काय? तीनदा? डॅड, तू तिन्हीत एकच लिहिलंस?"

"मला वाटलं…"

"मम्मीने तुला फडक्याने मारलं असतं." ती हसली. खरंच हसली, आणि नेव्हिलही हसला, आणि मग तिचं हसू तोंडावर तसंच राहून डोळे भरून आले. "लोमिल तर कालव्यावरून जाता येतं," ती म्हणाली. "मला चाललं असतं लोमिल. तू मला विचारलं का नाहीस?"

त्याने विचारलं नव्हतं. फॉर्म हे मॅक्सीनचं काम, आणि मॅक्सीन नसताना ते कुणाचं, हे त्या घरात कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. तिने त्याला दूर ढकललं नाही, पण टेकलीही नाही. लोमिलच्या यादीत नाव घालता येतं, तो म्हणाला. कितवा नंबर लागेल, तिने विचारलं. तेविसावा, तो म्हणाला, पालिकेत विचारलं मी.

"आणि बाहुल्यावाली बाई?"

"तू म्हणशील तसं."

"जाईन मी," कर्स्टी म्हणाली. "आता काय, सगळं लिहिलेलंच आहे."

संध्याकाळी तीच म्हणाली, चर्च रोडला जाऊ. शाळा बंद, रस्त्यावर गाड्या तुरळक. ती कडेला थांबली. नेव्हिल एकटाच मध्यापर्यंत गेला, वळला आणि त्याने हात वर केला. एक लाल गाडी आली आणि थांबली. चालवणाऱ्या बाईने काचेतून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या कोपऱ्याकडे, आणि इंजिन बंद करून ती बसून राहिली.

"असा नाही!" कर्स्टी कडेवरून ओरडली. "कोपर वाकलंय तुझं. सरळ. तळवा उघड."

त्याने हात सरळ केला.

"आणखी वर. खांद्याला. हां. आता म्हण."

नेव्हिलने तोंड उघडलं. ती हाक त्याने चौदा वर्षं रोज ऐकली होती, पण कधी स्वतः मारली नव्हती. पहिल्या खेपेला नुसती हवाच बाहेर आली. मग त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "चला, माझी बदकं."

कर्स्टीचा बूट फुटपाथच्या कडेवरून पुढे आला. रस्त्यापासून चार बोटांवर तो थांबला. लाल गाडीतली बाई थांबली, तिच्यामागे आणखी दोन गाड्या थांबल्या, कुणीही हॉर्न वाजवला नाही. बूट बराच वेळ तसाच हवेत होता. मग तो मागे गेला.

"तिचा आवाज असा नव्हता," कर्स्टी म्हणाली.

"माहितीये गं."

"तुला येतोय तसाच म्हण. पण रोज म्हण." तिने बाहीने नाक पुसलं. "सप्टेंबरपर्यंत किती दिवस आहेत?"

त्याने गाड्यांना हाताने जा म्हटलं, परत तिच्या बाजूला आला आणि तिचा हात धरला. त्र्याऐंशी, त्याने सांगितलं. दोघं त्याच फुटपाथवरून घराकडे वळली.